जयचं नाणं आणि पावणेदोन लाख
(बोदवड इथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

समोर बसलेली मुलं, त्यांच्या अम्मी-अब्बा, आणि 'गणिताचं भाषण आहे, जरा बघून निघू' म्हणून दाराशीच उभे राहिलेले चाचा लोक, तुम्हीही आत या. परीक्षा घेणार नाही. सिनेमाच्या गोष्टीपासून सुरुवात करते.

'शोले' पाहिला नाही असा इथे कोणी नसेल. १९७५ सालचा सिनेमा, पण आजच्या सातवीतल्या पोरालाही जय आणि वीरू माहीत आहेत. अवघड निर्णय आला की जय नाणं उडवतो. शेवटी तो जातो तेव्हा वीरूच्या हाती ते नाणं लागतं, आणि कळतं की दोन्ही बाजू सारख्याच होत्या. आपण रडतो. मी गणिताची शिक्षिका आहे, मी रडते आणि मग विचारते: वीरूला आधीच संशय का आला नाही?

साधं नाणं असेल तर एकदा छापा पडण्याची शक्यता निम्मी. दोनदा लागोपाठ पडण्याची पाव. पाचदा लागोपाठ म्हणजे ३२ मध्ये एक. दहादा म्हणजे १०२४ मध्ये एक. जयच्या मनासारखंच दरवेळी पडतंय हे वीरू वर्षानुवर्षं बघतोय. चौथ्या-पाचव्या वेळेला त्याने म्हणायला हवं होतं, "दाखव रे ते नाणं." दोस्तावर विश्वास होता म्हणून म्हणाला नाही, ते ठीक. दोस्तीत हिशेब नसतो. पण बाजारात असतो.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू. नाणं खरंच साधं आहे, दोन्ही बाजू वेगळ्या आहेत, आणि पाच वेळा छापा पडला. सहाव्या वेळेला काटा पडण्याची शक्यता किती? मुलं म्हणतील जास्त, "आता काट्याची बारी आहे." नाही. निम्मीच. नाण्याला मागचं काही आठवत नसतं. हे एक वाक्य आपल्या गावागावांतल्या सट्ट्याच्या टपरीवर लिहून लावलं पाहिजे, कारण टपरीसमोर उभा असलेला माणूस हेच म्हणत असतो की चार दिवस हा आकडा आला नाही, म्हणजे आज येणार. खेळणारेच सांगतात की एकेरी आकडा लागला तर एकाला नऊ मिळतात. आकडे दहा आहेत, मिळतात नऊ. म्हणजे सरासरी काढली तर लावलेल्या प्रत्येक रुपयाचे नव्वद पैसे परत येतात. शंभर रुपये घेऊन बसा, आलेले पैसे पुन्हा पुन्हा लावत राहा, सात फेऱ्यांनंतर सरासरीने ४८ रुपयेसुद्धा उरत नाहीत. टपरीवाल्याला तुमचं नशीब माहीत असायची गरज नाही. त्याला दहातून नऊ वजा करता येतात, तेवढं पुरतं.

'फिर हेरा फेरी' आठवतो? काही दिवसांत पैसे दुप्पट. आपण पोट धरून हसलो. आणि मग त्याच कल्पनेत आपल्या समाजाने खरे पैसे घातले. बंगळुरूच्या आयएमएमध्ये 'हलाल गुंतवणूक' म्हणून हजारो मुसलमान कुटुंबांनी ठेवी ठेवल्या, मुलींच्या लग्नाचे, हजचे पैसे ठेवले. जून २०१९ मध्ये ती बुडाली. आणि हे फक्त मुसलमानांचं दुखणं नाही. ह्या जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं सगळ्या जातिधर्मांची आहेत.

दुपटीचा हिशेब आपण कधी शेवटपर्यंत करत नाही, ही अडचण आहे. दर महिन्याला दुप्पट असं समजा. हजार रुपये टाकले. वर्षात बारा वेळा दुप्पट झाले, म्हणजे ४०,९६,०००. जवळजवळ एक्केचाळीस लाख. इथपर्यंत माणूस खूश असतो. अजून एक वर्ष थांबा. चोविसाव्या महिन्याला १,६७७ कोटी रुपये होतात. हजार रुपयांचे! हे पैसे कुठून येणार? शेतात पिकणार आहेत?

साखळीची स्कीम असेल, 'तुम्ही फक्त पाच जण जोडा' अशी, तर तिचंही पाहू. पहिल्या पायरीला ५, दुसऱ्या पायरीला २५, तिसऱ्या पायरीला १२५. नवव्या पायरीला साडेएकोणीस लाख होतात. दहाव्याला ९७ लाखांहून जास्त. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख होती, तान्ह्या बाळांसकट. तेराव्या पायरीला १२२ कोटी माणसं लागतात. तुम्हाला जोडायला आलेला भाऊ कितव्या पायरीवर आहे, एवढंच त्याला विचारा. तो चहा न पिता उठेल.

आता बहिणींसाठी, जरा सावकाश. फळ्याकडे बघा.

मायक्रोफायनान्सचं कर्ज इथे बसलेल्या किती जणींनी घेतलंय, ते हात वर करायला सांगत नाही. मला माहीत आहे. समजा १२,००० रुपये घेतले, बारा महिन्यांसाठी, आणि देणाऱ्याने सांगितलं, '१२ टक्के फ्लॅट'. आपण म्हणतो, बरं आहे, सावकाराच्या शेकडा तीनपेक्षा स्वस्त. सावकाराचे शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला ३६ टक्के. हे आपल्याला कळतं, कारण आपल्या आज्यांनी तो हिशेब तोंडी केलाय.

पण १२ टक्के फ्लॅट म्हणजे काय? १२,००० चे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये व्याज. एकूण १३,४४०. बाराने भागा, हप्ता १,१२०. दर हप्त्यात १,००० मुद्दल, १२० व्याज. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे १२,००० आहेत, १२० व्याज बरोबर. दुसऱ्या महिन्यात त्यांचे ११,०००च उरलेत, व्याज तेच १२०. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचा फक्त एक हजार रुपया आहे, आणि त्या हजारावर तुम्ही एका महिन्याचे १२० देताय. शेकडा बारा! सावकार शेकडा तीन घेतो म्हणून आपण त्याला शिव्या देतो.

वर्षभराची सरासरी काढा. बारा हजारापासून एक हजारापर्यंत, सरासरी साडेसहा हजार तुमच्या हातात होते. साडेसहा हजारावर १,४४० म्हणजे बावीस टक्क्यांच्या आसपास. अगदी पक्क्या रीतीने काढलं तर वर्षाचा दर साडेएकवीसच्या आसपास येतो. बारा नव्हे. वर 'प्रोसेसिंग' आणि 'विमा' म्हणून सुरुवातीलाच चारशे कापून घेतले असतील तर हातात आले ११,६००, आणि व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर. दर अजून चढला.

नववीत शिकणारी माझी एक विद्यार्थिनी होती. तिने हा तक्ता वहीत केला आणि घरी अम्मीच्या कर्जाच्या कार्डावर लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाली, "मॅडम, गणित बरोबर आलं, पण अम्मी रडली." तिला मी काय सांगणार? तिला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी सही करायच्या आधी कागद तू वाच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याने 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायचा असतो. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर. तोंडी सांगितलेला फ्लॅट दर बाजूला ठेवा, तो आकडा मागा. व्याज हराम की हलाल हे मौलाना साहेबांना विचारा. किती, ते मला विचारा.

आपल्याला गणित येत नाही असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. आपली भाषाच गणिताने भरलेली आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. घरात आपण उर्दू बोलतो तिथेही पाव, आधा, पौन, सवा, डेढ़, पौने दो, ढाई. जुन्या शाळांत मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी घोकत. अपूर्णांकाचे पाढे! आणि इथल्या बाजारात भाजी विकणारी खाला आजही 'ऐंशी रुपये किलो, पाऊण किलो द्या' म्हटल्याबरोबर साठ म्हणते. तिचा नातू पाचवीत तीन छेद चार पाहून घाबरतो. कारण त्याला कोणी सांगितलंच नाही की हे तीन छेद चार म्हणजे दादीची पाऊण.

बोदवडचंच घ्या. हा कापसाचा आणि जिनिंगचा भाग. शेतकरी क्विंटलमध्ये कापूस विकतो, जिनिंगवाला खंडीत बोलतो. रुईची एक खंडी म्हणजे ३५६ किलो. शंभर किलो कापसातून साधारण ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मग एका खंडीला कापूस किती लागला? ३५६ ला ३५ ने भागून शंभरने गुणा, १,०१७ किलो, दहा क्विंटलच्या थोडं वर. उतारा ३५ ऐवजी ३३ धरला तर ५० किलोहून जास्त फरक पडतो. टक्केवारीच्या धड्यात हे उदाहरण घातलं तर इथल्या मुलाला ते शिकवावं लागणार नाही, तोच आपल्याला शिकवेल.

'तारे जमीन पर'मधला ईशान परीक्षेत तीन गुणिले नऊ सोडवतो. तिसऱ्या ग्रहाला, म्हणजे पृथ्वीला, तो नवव्या प्लूटोवर आदळवतो, प्लूटो संपतो, उत्तर लिहितो तीन. आपण हसतो. (गंमत म्हणजे सिनेमा यायच्या वर्षभर आधीच, २००६ मध्ये, खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं होतं.) पण शिक्षकाच्या नजरेतून बघा. चुकीच्या उत्तराला त्या पोराकडे कारण होतं. वर्गात ज्या मुलाचं उत्तर चुकतं त्याला आपण 'चूक' म्हणतो, 'कसं काढलंस?' विचारत नाही.

सिनेमावाल्यांशी माझी एक तक्रार आहे. त्यांना गणितज्ञ म्हणजे एक तर वेडा किंवा जादूगार हवा असतो. 'शकुंतला देवी' मला आवडला, विद्या बालन मस्त. शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनमध्ये तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला होता. अद्भुत आहे ते. पण मुलं बघून येतात आणि म्हणतात, आपल्याला हे जमणार नाही, म्हणजे गणित आपलं नाही. भराभर गुणाकार करायला आता दोनशे रुपयांचा कॅल्क्युलेटर आहे. गणित म्हणजे 'असं का होतं?' विचारणं.

त्यासाठी देवळालीचे कापरेकर मास्तर बघा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, डहाणूला १९०५ मध्ये जन्मले, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत. विद्यापीठातली खुर्ची नाही, मोठी पदवी नाही. त्यांनी सापडवलेला आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. आत्ता करू. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. कोण म्हणालं १९४७? घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९७४१. चढत्या क्रमाने, १४७९. वजा करा, ८२६२. पुन्हा तेच. ८६२२ वजा २२६८, ६३५४. ६५४३ वजा ३४५६, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ वर करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! घरी जाताना दिसेल त्या एमएच-१९ गाडीच्या नंबरावर करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. कापरेकरांनी हे १९४९ साली मांडलं. इथे बऱ्याच जणांना वाटलं फार मोठं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी लिहिलं तेव्हा जगाला कळलं. ह्या माणसावर सिनेमा का नाही, मला कळत नाही.

आणि आपलं खानदेश तर गणिताचं माहेर म्हणावं असं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपल्यापैकी कितीतरी जण सहलीला गेले असतील. तिथल्या पाटण गावात एक शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो जगासमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय. मठाचा खर्च कसा चालायचा, तेही शेवटी त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा आणि घाण्यांमागे तेल, हे मठाला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथला तेली आणि इथला व्यापारी गणिताच्या शाळेचा खर्च चालवत होता. आज आपण वर्गणी काढतो, पण ती कशासाठी काढतो, ते तुम्हीच बघा.

भास्कराचार्यांनी 'लीलावती' ११५० साली लिहिली. त्यात मिश्रव्यवहार नावाचं प्रकरण आहे, मुद्दल आणि व्याज एकत्र झालं असेल तर वेगळं कसं करायचं ते त्यात आहे. आपला मघाचा फळाच. लीलावतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भास्कराचार्यांची मुलगी, तिचं लग्न, पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र, तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडतो, भोक बुजतं, मुहूर्त टळतो, लग्न राहतं, आणि बाप म्हणतो, तुझ्या नावाने असं पुस्तक लिहितो की जग लक्षात ठेवेल. ही गोष्ट मूळ संस्कृत ग्रंथात नाही. ती येते फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेत. तो अनुवाद अकबर बादशहाच्या हुकमावरून १५८७ मध्ये फैजीने केला, अबुल फजलचा भाऊ, दरबारातला मोठा शायर. चार वर्षांनी हाच फैजी बादशहाचा वकील म्हणून खानदेशात आला, राजा अली खान फारुकीच्या दरबारात, इथून भुसावळच्या पलीकडे बुऱ्हाणपूरला. एक पिढी लोटल्यावर, शहाजहानच्या काळात, भास्कराचार्यांचं 'बीजगणित'ही अताउल्ला रशीदीने फारसीत नेलं. तुमचं गणित-आमचं गणित असलं काही त्या लोकांच्या डोक्यात नव्हतं.

गोष्ट गोड आहे, पण मला ती खुपते. मुलीचं लग्न मोडलं, म्हणून तिला गणित! लग्न झालं असतं तर? आठवीपर्यंत माझ्या वर्गात मुली पुढे असतात. दहावीत आल्या की घरून सांगितलं जातं, "गणितात पास झाली तरी पुष्कळ, पुढे काय करायचंय?" ट्यूशन भावाची चालू राहते, बहिणीची बंद होते. अशा वेळी मी त्या अम्मीला मरियम मिर्झाखानीचा फोटो दाखवते. तेहरानमध्ये वाढलेली मुलगी. २०१४ मध्ये गणितातलं सर्वांत मोठं मानलं जाणारं फील्ड्स पदक तिला मिळालं, आणि ते मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. २०१७ मध्ये कॅन्सरने गेली, चाळिशीतच. तिचं लग्न झालं होतं, मुलगीही होती, आणि गणितही होतं.

आता शेवटचा हिशेब, आणि हा पुरुषांनी ऐकावा. मोबाइलवर पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे 'अल्गोरिदम' ठरवतो म्हणतात ना, तो शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला. नवव्या शतकात बगदादला होता. त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून 'अल्जिब्रा'. त्या पुस्तकाचा मोठा भाग कशाचा आहे? वारसा आणि मृत्युपत्रांच्या वाटणीचा. लोकांच्या घरात रोज येणारा प्रश्न होता, म्हणून त्याने तो सोडवून दाखवला. आपण बीजगणिताला 'आयुष्यात काय उपयोग' म्हणतो, आणि ते पुस्तक बहिणीच्या वाट्यासारखे प्रश्न सोडवत होतं.

एक माणूस गेला. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. घर-प्लॉट मिळून आठ लाखांची मिळकत, देणं काही नाही. प्रचलित सुन्नी नियमाने पत्नीला आठवा हिस्सा, एक लाख. उरले सात. मुलाला दोन भाग, प्रत्येक मुलीला एक, एकूण चार भाग. सातला चारने भागा, पावणेदोन. मुलाला साडेतीन लाख, प्रत्येक मुलीला पावणेदोन लाख.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलीला मुलाइतकंच मिळावं, म्हणजे सात भागिले तीन, दोन लाख ३३ हजार. त्यावर वाद घालायला मी तयार आहे, आजच घालू. पण वादाच्या आधी एक विचारते. हे पावणेदोन तरी किती बहिणींच्या हातात पडले? हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, बहिणीला ईदला साडी आणि माहेरचा दरवाजा उघडा ठेवण्याचं वचन मिळतं. साडी दीड हजाराची धरा. पावणेदोन लाख भागिले दीड हजार, ११६ ईद. आणि तिच्या सात भागिले चारला शरियतचं नाव घेणारे घरातले थोर लोकही त्या दिवशी गप्प असतात.

एवढं बोलून थांबते. फळा इथेच आहे, खडूही आहे. ज्यांनी कर्जाचं कार्ड आणलं असेल त्यांनी पुढे यावं, दर काढून देते. ज्या घरात वाटणी व्हायची आहे त्यांनी माणसं आणि नाती सांगा, नावं सांगू नका, हिस्से मांडू. मागच्या बाकावरच्या मुली, तुम्ही गणित करा, मी फक्त तपासते.